उष्णतामानाचा निरोप

नर्मदेकाठच्या जबलपूरला आचार्य विनोबा भावे यांनी ‘संस्कारधानी’ असे नाव दिले आणि ते लोकांच्या तोंडी कायमचे बसले. या नगरीचे संस्कार सौम्य असले, तरी तिचे हवामान तसे नाही. मे महिन्यात येथला पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. आणि पौष-माघातील काही रात्री तो इतका खाली उतरतो की, जिल्ह्यातील वाटाणा पिकवणाऱ्या शेतकऱ्यास फुलोऱ्याची चिंता पडते. माणूस उन्हाळ्यात सावली शोधतो, हिवाळ्यात शेकोटी पेटवतो आणि निभावून नेतो. परंतु याच जिल्ह्यात, कुंडमसारख्या आदिवासी भागातील आरोग्य केंद्रांत, एक वस्तू अशी असते की, जिला ऊनही सोसत नाही आणि गोठवणारी थंडीही सोसत नाही. ती वस्तू म्हणजे लहान मुलांना द्यावयाची लस.

आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंश सेल्सियस एवढ्या अरुंद पट्ट्यात सांभाळावी लागते. तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस व गोवराची लस उष्णतेने निकामी होतात. उलट घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची एकत्रित लस, तसेच ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस गोठली की नासते. तिच्यातील ॲल्युमिनियमच्या क्षारांचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात आणि मग ती पुन्हा वितळली तरी तिचा गुण परत येत नाही. १९९६ पासून पोलिओ लसीच्या बाटल्यांवर रंग बदलणारी एक खूण येऊ लागली. ती खूण लशीने सोसलेली उष्णता सांगते. गोठण्याविषयी मात्र ती काहीच सांगत नाही. निकामी लस टोचली तर त्या वेळी कोणालाच काही कळत नाही. मूल घरी जाते, आई निर्धास्त होते, आणि रोग येतो तेव्हाच ती निर्धास्तता खोटी होती हे उघड होते.

म्हणून शीतपेटीतील उष्णतामान सतत जाणणे ही केवळ यंत्रशास्त्राची बाब राहत नाही. या शीतपेटीच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे वीज गेली तरी ती काही तास थंडावा धरून ठेवते. पूर्वी तिच्यात एक साधा तापमापक ठेवीत आणि सकाळ-संध्याकाळ त्यावरील अंश वहीत टिपून ठेवीत. ती वही आजही ठेवली जाते. पण दोन नोंदींच्या मध्ये पेटीत काय घडले, मध्यरात्री वीज गेली काय, पहाटे पेटी गोठली काय, हे वहीला ठाऊक नसते. २०१५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने ‘ई-विन’ नावाची व्यवस्था सुरू केली आणि तिच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत मध्य प्रदेश होता. या व्यवस्थेत पेटीच्या आत एक लहानसा संवेदक, म्हणजे बाजारात ज्याला सेन्सर म्हणतात तो, ठेवलेला असतो. त्याची तार बाहेरच्या यंत्रास जोडलेली असते. आणि ते यंत्र मोबाइलच्या जाळ्यावरून उष्णतामानाची वार्ता दूर पाठवते. मर्यादा ओलांडली गेली की, पेटी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फोनवर इशारा येतो.

या रचनेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जाणणारा अवयव निराळा आहे आणि विचार करणारा अवयव निराळा आहे. संवेदक थंडीत बसतो. नियंत्रक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बाहेर कोरड्या जागी बसतो. दोघांना जोडणारी तार तेवढी मध्ये असते. अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेजावरही हीच रचना लहान रूपात आढळते. जबलपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले. अशा महाविद्यालयांतील आजचा विद्यार्थी बोटाच्या पेराएवढा संवेदक-बोर्ड विकत आणतो, किंवा एखाद्या मोठ्या बोर्डाची खाच पाडलेली कड मोडून तो सुटा करतो, आणि दुसऱ्याच एखाद्या नियंत्रकास जोडू पाहतो. तारा जोडणे हे पाच मिनिटांचे काम असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कारण तारेबरोबर तिच्यावरून जाणाऱ्या निरोपाचा अर्थ आपोआप जात नाही.

संवेदक अंश सांगत नाही, ही या विषयातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. एलएम-३५ नावाचा एक जुना व लोकप्रिय संवेदक आहे. तो दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट या प्रमाणात विजेचा दाब देतो. पंचवीस अंशांना २५० मिलिव्होल्ट, पाच अंशांना ५०. त्याचे बोलणे एवढेच. हा दाब नियंत्रकापाशी पोहोचतो तेव्हा नियंत्रक तो एका पट्टीवर मोजतो. साध्या नियंत्रकात या पट्टीवर १०२४ पायऱ्या असतात. पण पट्टीची एकूण लांबी किती, हे त्या नियंत्रकाच्या संदर्भ-दाबावर अवलंबून असते. इटलीतील इव्रेया गावी २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनो मालिकेतील ‘ऊनो’ हा बोर्ड सामान्यतः ५ व्होल्टची पट्टी वापरतो. तिची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. दुसऱ्या अनेक नियंत्रकांची पट्टी ३.३ व्होल्टची असते. तिच्यावरही १०२४ पायऱ्या आखल्या तर एक पायरी सुमारे ३.२ मिलिव्होल्टची होते. एका दुकानात गज इंग्रजी आणि दुसऱ्या दुकानात मीटर असावा, आणि गिऱ्हाइकाने मात्र दोन्हीकडे नुसते ‘पाच द्या’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने हा संवेदक ३.३ व्होल्टच्या नियंत्रकावरून काढून ५ व्होल्टच्या नियंत्रकास जोडला आणि गणिताचा जुना कार्यक्रम तसाच ठेवला. पेटीत खरे उष्णतामान १२ अंश आहे. संवेदक प्रामाणिकपणे १२० मिलिव्होल्ट देतो. नवा नियंत्रक आपल्या पट्टीवर २४ पायऱ्या मोजतो. पण जुना कार्यक्रम प्रत्येक पायरी ३.२ मिलिव्होल्टची समजतो, आणि पडद्यावर ७.७ अंश उमटतात. आठच्या आत! पाहणारा समाधानाने मान डोलावतो आणि आत लस उबदार होत राहते. याच्या उलट अदलाबदल केली तर सहा अंशांचे जवळजवळ नऊ दिसतात. मग काळजी घेणारा माणूस पेटी अधिक थंड करण्यासाठी कळ फिरवतो आणि चांगली लस आपल्या हाताने गोठण्याच्या दिशेने ढकलतो. दोन्ही प्रसंगी संवेदक निर्दोष असतो, नियंत्रकही निर्दोष असतो, तार तुटलेली नसते. तुटलेला असतो तो दोघांमधला करार.

या करारात आणखी एक कलम आहे. ते म्हणजे पट्टीचा आरंभ कोठून धरावयाचा हे. एलएम-३५ साध्या जोडणीत २ अंशांच्या खालचे नीट सांगू शकत नाही. शून्य अंशाला शून्य दाब हे त्याचे गणित. आणि शून्याच्या खाली जाणारा ऋण दाब देण्यास त्याला जास्तीची रचना लागते. लशीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जेथे धोका सुरू होतो नेमका तेथेच हा संवेदक आंधळा होतो. टीएमपी-३६ नावाच्या त्याच्या भावंडाने यावर सोपी युक्ती योजली आहे. त्याचेही प्रमाण दर अंशास १० मिलिव्होल्ट एवढेच. पण शून्य अंशाला तो ५०० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे मोजणी आधीच पाच पावले वर सुरू झाल्याप्रमाणे, त्याला शून्याच्या खालीही उतरावयास जागा राहते. पंचवीस अंशांना तो ७५० मिलिव्होल्ट देतो. तेव्हा एलएम-३५ च्या जागी टीएमपी-३६ बसवला आणि ते पाचशे वजा करावयाचे राहून गेले, तर खोलीचे उष्णतामान पंचाहत्तर अंश दिसेल. ही चूक त्यातल्या त्यात बरी म्हणावयाची. कारण ती इतकी ढळढळीत असते की कोणीही थांबून विचार करील. धोकादायक चूक तीच, जी शक्यतेच्या हद्दीत राहते.

तारांकडे वळले की तीन तारा दिसतात. एक विजेचा पुरवठा करणारी, एक जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, आणि एक निरोपाची. जमिनीची तार विद्यार्थ्यांना अनेकदा निरुपयोगी वाटते. कारण संवेदकास निराळ्या बॅटरीवरून वीज मिळत असली तर तिच्याविनाही दोन्हीकडचे दिवे लागतात. परंतु विजेचा दाब हा नेहमी कशाच्या तरी तुलनेने मोजावयाचा असतो. दोन माणसांनी आपापल्या घराच्या जोत्यापासून उंची मोजली तर त्यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. दोघांचे जोते एक असावे लागते. संवेदक आणि नियंत्रक यांच्या ग्राउंडच्या तारा जोडणे म्हणजे हे जोते एक करणे. ती तार नसली की आकडे निष्कारण नाचू लागतात, आणि दोष मात्र संवेदकाच्या माथी मारला जातो.

पुरवठ्याच्या तारेविषयीही सावध राहावे लागते. एलएम-३५ ला किमान ४ व्होल्ट हवे असतात, ३.३ व्होल्टवर तो उपाशी राहतो आणि उपाशीपोटी काहीतरी बरळतो. उलट, ५ व्होल्टवर चालणाऱ्या एखाद्या बोर्डाची निरोपाची तार ३.३ व्होल्टच्या नियंत्रकास सरळ जोडली, तर त्या नियंत्रकाची पिन कायमची जळण्याचा संभव असतो. म्हणून जोडणीपूर्वी दोघांचे दाब त्यांच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावेत आणि मग मल्टीमीटरने प्रत्यक्ष तपासावेत. नुसत्या आकारावर विसंबणे तर घातकच. एलएम-३५ आणि डीएस-१८-बी-२० हे दोन संवेदक दिसावयास सारखे : काळे, अर्धगोल, तीन पायांचे. सपाट बाजू समोर धरली तर एलएम-३५ चा डावा पाय पुरवठ्याचा आणि उजवा ग्राउंडचा. डीएस-१८-बी-२० चा डावा पाय ग्राउंडचा आणि उजवा पुरवठ्याचा. एकाच्या जागी दुसरा बसवला की पुरवठा उलटा जातो आणि उष्णता मोजणारा स्वतःच तापू लागतो.

हा डीएस-१८-बी-२० वेगळ्या जातीचा आहे. तो दाब पाठवीत नाही. स्वतःच मोजतो आणि तयार आकडा पाठवतो. त्यामुळे पट्टीच्या लांबीचा वर सांगितलेला घोटाळा त्याच्या बाबतीत संभवत नाही. प्रत्येक नगात ६४ द्विमान अंकांचा, दुसऱ्या कोणत्याही नगाशी न जुळणारा, क्रमांक कोरलेला असतो. म्हणून एकाच तारेवर असे अनेक संवेदक बसवून प्रत्येकास नावाने हाक मारता येते. तो ३ ते ५.५ व्होल्टपर्यंत चालतो आणि उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान त्याची चूक अर्ध्या अंशाहून अधिक नसते. निरोपाच्या तारेस मात्र पुरवठ्याकडे ओढून धरणारा, साधारणतः ४.७ किलो-ओहमचा, एक रोध लावावा लागतो. कारण हा संवेदक तार फक्त खाली ओढू शकतो, वर उचलू शकत नाही. मूळ बोर्डावर हा रोध बसवलेला असतो. संवेदक सुटा केला की रोध मागेच राहतो, आणि नव्या जागी संवेदक मुका का झाला हे कळेनासे होते. तो रोध ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यास जोडला की, नाजूक नियंत्रकालाही धोका उरत नाही.

याच संवेदकाची आणखी एक खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वीज मिळताच त्याच्या स्मरणात प्रथम ८५ अंश हा आकडा असतो. मोजण्याची आज्ञा मिळाल्यावर पूर्ण बारकाईने मोजावयास त्यास पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. उतावळ्या कार्यक्रमाने त्याआधीच उत्तर मागितले, किंवा मोजणी चालू असता वीज क्षणभर डगमगली, तर तो नम्रपणे ८५ सांगून मोकळा होतो. शीतपेटीत ८५ अंश असू शकत नाहीत, हे माणसास कळते. कार्यक्रमास ते शिकवावे लागते. तसे शिकवले नाही तर दिवसाच्या सरासरीत हा एक आकडा मिसळतो आणि संपूर्ण दिवसाची नोंद बिघडवून टाकतो.

पुढे प्रश्न येतो लांबीचा. मेजावर वीतभर अंतरावर चाललेली जोडणी खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली की, तार ही नुसती वाट राहत नाही. तीही निरोपात स्वतःची भर घालू लागते. प्लॅटिनमचा एक संवेदक कारखान्यांत सर्रास वापरतात. शून्य अंशास त्याचा रोध १०० ओहम असतो आणि दर अंशास तो सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दहा मीटर लांब नेली, तर जाण्यायेण्याच्या वीस मीटरांत सुमारे ०.७ ओहम रोध भरतो. संवेदकाच्या हिशेबाने हे पावणेदोन अंश झाले. शीतपेटीची सगळी मर्यादा सहा अंशांची. त्यातील पावणेदोन अंश तारच खाऊन टाकते. म्हणून या जातीच्या संवेदकास तीन किंवा चार तारा लावतात. जास्तीच्या तारांच्या साह्याने तारेचा स्वतःचा रोध ओळखून वजा करता येतो. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणलेली ‘आय-टू-सी’ ही दोन तारांची पद्धती तर मुळात एकाच यंत्राच्या पोटातील भागांनी आपसात बोलावे म्हणून योजलेली होती. तारा लांबल्या की त्यांची विद्युत्धारकता वाढते, खुणांच्या कडा बोथट होतात आणि बोलणे अस्पष्ट होत जाते. लहान संवेदक-बोर्डांपैकी पुष्कळ याच भाषेत बोलतात. म्हणून ते नियंत्रकापासून सुटे करता येतात, पण फार दूर नेता येत नाहीत.

इतके सर्व सांभाळले तरी शेवटची परीक्षा कागदावर होत नाही. ती भांड्यात होते. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडून, त्यात थोडे पाणी घालून, ढवळून केलेल्या काल्याचे उष्णतामान शून्य अंश असते. जोडणी पूर्ण झाल्यावर, म्हणजे तीच तार, तोच नियंत्रक आणि तोच कार्यक्रम ठेवून, संवेदकास पाणी न शिरेल असे आवरण घालून या काल्यात बुडवावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. शून्याच्या जवळपास जे दाखवील ते खरे. जो फरक राहील तो टिपून ठेवावा. एलएम-३५ च्या बाबतीत मात्र, वर सांगितलेल्या कारणामुळे, ही परीक्षा पुरेशी नाही. त्याला कोमट पाण्यात विश्वासू तापमापकाच्या शेजारी ठेवून पाहावे. उकळत्या पाण्याची परीक्षा घेणाराने हेही ध्यानी ठेवावे की, जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, आणि तेथे पाणी शंभराच्या सवा-दीड अंश अलीकडेच उकळते. तेथे बरोबर शंभर दाखवणारे यंत्र अधिक दाखवणारे समजावे.

विद्यार्थ्याने स्वतः जोडलेले असे उपकरण शिकण्यासाठी उत्तम आहे. लशीची जबाबदारी मात्र प्रमाणित उपकरणांवरच टाकावी लागते. परंतु प्रमाणित उपकरणाचाही संवेदक कधी बदलावा लागतो, तार कधी उंदीर कुरतडतो, दुरुस्ती करणारा कधी घाईत असतो. अशा वेळी ‘खुंटी बसली, दिवा लागला, काम झाले’ एवढ्यावर न थांबता, नवा संवेदक त्याच भाषेत बोलतो आहे काय हे पाहणारा माणूस लागतो. ते पाहण्याची सवय मेजावरच्या लहान बोर्डाशी झटापट करतानाच लागते.

आणि या सर्वांहून एक साधा नियम मोठा आहे. तार निसटली, संवेदक गप्प झाला, तर नियंत्रकाने शेवटचा आकडा धरून बसू नये. ‘वार्ता नाही’ असेच त्याने स्पष्ट सांगावे. पडद्यावर तासन् तास स्थिर राहिलेले पाच अंश फार आश्वासक दिसतात. परंतु ते पाच अंश पेटीतले नसतात, ते गेलेल्या घटकेचे असतात. कुंडमच्या केंद्रातील परिचारिका सकाळी पेटीचे झाकण उघडण्यापूर्वी त्या पडद्याकडे पाहते आणि ठरवते की आजची लस बाळांना द्यावयाची किंवा नाही. आकडा खरा असेल तर तिने तो पाळावा, खोटा असेल तर तो तिच्यापर्यंत पोहोचूच नये, आणि आकडाच नसेल तर तो नाही हे तिला कळावे.